पावागड ते सूरसागर, एक सेकंद

आईच्या पंच्याहत्तरीला एक छोटी फिल्म करायची असं मीच म्हणाले होते, कुणी सांगितलं नव्हतं, आणि म्हणाले तेव्हा वाटलं की काय आहे त्यात, क्लिप एकापुढे एक ठेवायच्या, मध्ये मध्ये छान ट्रान्झिशन टाकायचे, खाली एखादं गाणं, झालं. तीन महिने लागले. त्यातला निम्म्याहून जास्त वेळ दोन क्लिपच्या मधल्या जागेत गेला, आणि मला त्या जागेबद्दलच लिहायचंय.

आधी माल काय होता ते सांगते. काका १९९२ मध्ये मस्कतहून आला तेव्हा खांद्यावर घ्यायचा व्हीएचएस कॅमेरा घेऊन आला होता आणि परत जाताना तो बाबांकडे ठेवून गेला. त्याच्या चार कॅसेट आमच्या दांडिया बाजारच्या घरात कपाटाच्या वरच्या फळीवर होत्या. १९९३ ची धाकट्या भावाची मुंज, १९९५ ची पावागडच्या डोंगरावरची ट्रिप, १९९८ चे गणपती, आणि एक बिनलेबलची, तिच्यात भावाच्या शाळेचं गॅदरिंग आणि कमाटीबागेतली छोटी रेल्वे. बस एवढंच. मोबाइलमधल्या क्लिप शेकड्यांनी आहेत, त्या सगळ्यांच्याच घरी असतात, पण काळ्याभोर वेणीची, भराभर चालणारी, हलती-बोलती आई फक्त या चार कॅसेटमध्ये आहे. पावागडच्या कॅसेटला बुरशी लागली होती, बडोद्याच्या पावसाळ्यात टेपचं तेच होतं, रावपुऱ्यातल्या एका दुकानदाराने ती उघडून हाताने साफ केली आणि चारही कॅसेटच्या फाइली करून पेन ड्राइव्हवर दिल्या. त्या रात्री मी झोपलेच नाही. चार तास दहा मिनिटं सगळं बघितलं.

भाच्याने माझ्या लॅपटॉपवर दाविंची रिझॉल्व्ह हे एडिटिंगचं सॉफ्टवेअर टाकून दिलं, फुकटवालं. आत्या हे बघ, इथे टाइमलाइन, इथे ब्लेड, आणि दोन क्लिपच्या जोडावर क्लिक करून कंट्रोल टी दाबलं की क्रॉस डिझॉल्व्ह लागतो. एवढं शिकवून तो क्रिकेट खेळायला गेला. मी दोन दिवस बसून शॉट तोडले, नको ते काढलं, उरलेलं ओळीने लावलं, साधारण दीडशे जोड झाले, आणि प्ले केल्यावर मला त्यातले फक्त जोडच दिसायला लागले. इथून तिथे धाडकन उडी. मुंजीतला भटजी, धाडकन आत्याची साडी, धाडकन पंगत. म्हणलं हे किती आडदांड वाटतंय, आणि मी सगळ्या क्लिप सिलेक्ट करून कंट्रोल टी दाबलं. दीडशे डिझॉल्व्ह एका बोटाने.

डिझॉल्व्ह म्हणजे नेमकं काय होतं ते मला तेव्हा माहीत नव्हतं, फक्त एक चित्र विरतं आणि दुसरं उमटतं एवढं दिसायचं. आतलं काम खरं तर साध्या गणिताचं आहे. आपल्याकडची जुनी व्हिडिओ सिस्टिम पाल, म्हणजे सेकंदाला २५ फ्रेम, २५ स्थिर चित्रं. एक सेकंदाचा डिझॉल्व्ह म्हणजे २५ फ्रेम, आणि त्या प्रत्येक फ्रेममध्ये पहिल्या चित्राचा हिस्सा थोडा कमी होतो, दुसऱ्याचा थोडा वाढतो. बरोबर मधल्या, तेराव्या फ्रेमवर दोन्ही अर्धे अर्धे. तिथे पॉज करून बघा कधी. एकाच चौकटीत दोन दिवस बसलेले असतात, आत्याच्या खांद्यातून पंगतीतली केळीची पानं दिसतात. प्ले करताना हे कळतसुद्धा नाही, पण डोळ्यांनी ते बघितलेलं असतं.

आता यात एक गोष्ट आहे जी मला कुणी आधी सांगितली असती तर आठवडा वाचला असता म्हणून नीट सांगते. डिझॉल्व्हला दोन्ही क्लिप एकाच वेळी चालू लागतात. म्हणजे आपण जिथे कापलं त्याच्या पुढेही पहिल्या क्लिपमध्ये काहीतरी शिल्लक पाहिजे, आणि दुसऱ्या क्लिपच्या सुरुवातीच्या आधीही पाहिजे. जोडाच्या बरोब्बर मध्ये एक सेकंदाचा डिझॉल्व्ह ठेवला तर दोन्हीकडे साधारण १२-१३ फ्रेमची शिल्लक लागते. या शिल्लकीला एडिटिंगवाले हँडल म्हणतात. ती नसेल तर सॉफ्टवेअर विचारतं, की क्लिप आतून थोडी कापून घेऊ की हा जोड सोडून देऊ. आतून कापून घेतलं तर फिल्म आखडते, प्रत्येक जोडाला थोडी थोडी, आणि दीडशे जोड असले की गाण्याच्या तालावर बसवलेलं सगळं सरकून कुठच्या कुठे जातं.

बाबा शूटिंग कसं करायचे ते मला आठवतं. तीन तासाची कॅसेट, ती महाग, आणि ती वर्षभर पुरवायची. त्यामुळे शॉट झाला रे झाला की बोट पॉजवर. वर त्या कॅमेऱ्यांची तऱ्हा अशी की पॉज केलं की टेप आपोआप थोडी मागे जायची, म्हणजे पुढचा शॉट आधीच्याला नीट चिकटावा, मध्ये बर्फासारख्या मुंग्या येऊ नयेत. याचा अर्थ प्रत्येक नवीन शॉटने आधीच्या शॉटची शेपटी खाल्लेली आहे. बाबांच्या टेपमध्ये शिल्लक म्हणून नाहीच, एक वाक्य संपायच्या आत दुसरं सुरू, अगदी बाबांच्या बोलण्यासारखं.

आणि दुकानातून आलेली फाइल तर अखंड एक. मी ब्लेडने तिचे तुकडे केले होते, पण सॉफ्टवेअरला काय माहीत की शॉट कुठे संपला, त्याच्या लेखी फाइल पुढे चालूच आहे म्हणजे हँडल आहे. म्हणून त्याने काही न विचारता डिझॉल्व्ह लावून टाकला आणि त्या बारा फ्रेममध्ये टेपवरचा पुढचा शॉट, जो मी वापरलेलाच नव्हता, तो लुकलुकून जायला लागला. मुंजीत मातृभोजन चाललंय, भाऊ आईच्या ताटात जेवतोय, तिथून मला मंगलाष्टकांवर जायचं होतं, तर मधे अर्धा सेकंद एक माणूस पाठमोरा उभा राहून पंख्याचं बटण दाबताना विरघळून गेला. असे कितीतरी. घरभर कुणी वावरून जावं आणि आपण बघेपर्यंत दिसेनासं व्हावं तसं. पहिल्यांदा मी दचकलेच. मग कळलं तेव्हा एकेक जोड घेऊन बसले, आधी क्लिप दोन्हीकडून १५-१५ फ्रेम आत घ्यायची, म्हणजे आपल्याच शॉटची शिल्लक आपल्याला राहते, आणि मग डिझॉल्व्ह. जिथे शॉटच दोन-अडीच सेकंदाचा आहे आणि आत घ्यायला जागा नाही तिथे क्लिपचा स्पीड ८० टक्के केला, दोन सेकंदाचे अडीच होतात, थोडी शिल्लक सुटते. शेवटची फ्रेम गोठवून लांबवायचाही उपाय आहे पण तो मला नाही पटला, माणूस बोलता बोलता पुतळा होतो आणि मग विरतो, ते बघवत नाही.

या सगळ्या खटपटीत झालं असं की प्रत्येक जोडापाशी थांबावं लागलं, आणि थांबलं की प्रश्न पडायला लागला की इथे डिझॉल्व्ह हवाच कशाला. भटजी मंत्र म्हणतायत आणि आत्या अक्षता वाटतायत, दोन्ही त्याच मांडवात त्याच घडीला चाललंय, मग मध्ये विरघळायचं काय. तिथे साधा कट. साधा कट लावला आणि आवाज मात्र सलग ठेवला, म्हणजे चित्र आत्याकडे गेलं तरी मंत्र भटजींचेच चालू, तर ती उडी जी मला पहिल्या दिवशी आडदांड वाटली होती ती कुठे गेली कळेना. तेव्हा लक्षात आलं की मला बोचत होता तो आवाजाचा जोड, चित्राचा कधी नव्हताच. प्रत्येक कटला मंत्र तुटत होता, भांड्यांचा आवाज मध्येच उगवत होता. पुढच्या क्लिपचा आवाज चित्राच्या आधी थोडा येऊ द्यायचा, किंवा मागच्या क्लिपचा थोडा रेंगाळू द्यायचा, एवढ्याने निम्मे जोड बुजतात. आणि जिथे आवाजाचा क्रॉसफेड करायचा तिथेही एक बारकी गोष्ट आहे. दोन्ही आवाज सरळ रेषेत एक उतरता एक चढता ठेवले तर मधोमध एक खड्डा पडल्यासारखा वाटतो, कारण दोन वेगळे आवाज अर्धे अर्धे मिळून कानाला पूर्ण एक भरत नाहीत. म्हणून त्या रेषा थोड्या फुगीर करतात, मध्ये दोन्ही जरा चढेच राहतात, आणि मग कानाला सपाट लागतं. मी हेडफोन लावून मुंजीच्या पंगतीवर हे करत बसले होते, आत जिलबी जिलबीची हाक, आणि डोळ्यांत पाणी. कारण ती हाक आत्याच्या यजमानांची होती, ते आता नाहीत.

दीडशे डिझॉल्व्हचे शेवटी अकरा राहिले.

मधल्या काळात मावशीकडे गेले होते तर तिने तिच्या मुलीच्या लग्नाची, १९९७ ची, सीडी लावली. ज्यांच्या घरी त्या काळातलं लग्न झालंय त्यांना सांगायला नको. हृदयाच्या आकारातून नवरी येते, चांदणीतून नवरा, पान उलटावं तसं चित्र उलटतं आणि खाली करवल्या, पडद्याच्या पट्ट्या पट्ट्या होऊन वरात. तेव्हा त्याला मिक्सिंग म्हणायचे, दोन व्हीसीआर आणि मध्ये मिक्सर, आणि मिक्सिंग किती केलंय त्यावर व्हिडिओवाल्याचं नाव व्हायचं. आता लोक हे बघून हसतात. मी नाही हसत, मला ते मनापासून आवडतं. त्या माणसाला जे सांगायचं होतं ते त्याने तेवढ्याच मोकळेपणाने सांगितलंय, की हा दिवस बाकीच्या दिवसांसारखा नाहीये. लग्नाला कुणी साध्या साडीत जात नाही, मग कटने साध्या साडीत का जावं. मावशी तर त्या चांदण्यांच्या जागा पाठ असल्यासारखी आधीच सांगत होती, आता बघ हां, आता फिरत फिरत येईल. ती चांदणी तिच्या आठवणीचाच भाग झालीये. माझ्या फिल्ममध्ये मी एकही चांदणी नाही टाकली, पण ते आईचा स्वभाव बघून, तिला झगमग सोसत नाही.

आमच्या घरापासून चालत थोड्याच अंतरावर कलाभवन आहे. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये सुरू केलेलं, प्रोफेसर गज्जर तिथले पहिले प्रमुख, आता तिथे एमएस युनिव्हर्सिटीची टेक्नॉलॉजी फॅकल्टी भरते. दादासाहेब फाळके तिथे शिकले, फोटोग्राफीचे धडे त्यांनी बडोद्यात गिरवले. पुढे जादूचे प्रयोगही करायचे, फाळके उलटं करून प्रोफेसर केळफा या नावाने. लहानपणापासून त्या रस्त्याने गेलेय, पण या फिल्मच्या नादात पहिल्यांदाच त्या इमारतीकडे वळून बघितलं. कारण त्या काळी हाताने फिरवायच्या कॅमेऱ्यात डिझॉल्व्ह कसा करत ते मी वाचत होते. कॅमेऱ्याचा दांडा एकदा फिरवला की आठ फ्रेम, सेकंदाला दोन फेरे, म्हणजे सोळा फ्रेम. डिझॉल्व्ह करायचा तर शॉटच्या शेवटी तोंडाने फेरे मोजत लेन्सचं अ‍ॅपर्चर (उजेड आत यायचं भोक) हळूहळू मिटत न्यायचं, समजा चार फेरे, दोन सेकंद. पूर्ण काळोख झाला की लेन्स झाकायची, तेवढेच चार फेरे उलटे फिरवून फिल्म मागे घ्यायची, मग दुसऱ्या दृश्यासमोर कॅमेरा लावून पुन्हा चार फेरे, या वेळी अ‍ॅपर्चर उघडत. एकाच फिल्मवर दोन दृश्यं. एक फेरा चुकला तर आधीचं दृश्यही गेलं आणि नंतरचंही. फिल्म धुवून येईपर्यंत काय झालंय ते कळायचं नाही. म्हणजे पहिलं दृश्य संपवतानाच पुढे काय येणार हे ठरलेलं हवं, मनात आणि खिशात दोन्हीकडे.

आणि याच फाळक्यांनी १९१२ मध्ये मुंबईत कुंडीत मटार पेरून महिनाभर त्याचे थोडे थोडे फ्रेम घेतले होते, रोप वाढताना दिसावं म्हणून, महिन्याचं मिनिट-दीड मिनिट झालं. ते वाचल्यावर मी कितीतरी वेळ तशीच बसले होते. महिनाभराचे दिवस त्यांनी गाळले, पण गाळलेत हे बघणाऱ्याला कळतं, रोप हिसके घेत वाढतं. त्या हिसक्यांत दिवस आहेत. मी माझ्या अकरा डिझॉल्व्हमध्ये काय करत होते? हिसका लागू नये म्हणून धडपडत होते.

त्या अकरांतला एक माझा सगळ्यात लाडका होता. पावागडच्या कॅसेटच्या शेवटी आई माचीला चहाच्या टपरीपाशी उभी आहे, कॅमेऱ्याकडे बघून मान डावीकडे वळवते, उन्हाने डोळे बारीक. आणि १९९८ च्या कॅसेटमध्ये सूरसागर तलावावर विसर्जनाच्या गर्दीत आई तशीच उभी, तशीच मान वळलेली, चेहरा फ्रेममध्ये जवळजवळ त्याच जागी. मी दुसरी क्लिप ४ टक्के मोठी केली, जरा उजवीकडे सरकवली, आणि डोळ्यांवर डोळे आणून बसवले. एक सेकंदाचा डिझॉल्व्ह. काय सुंदर बसला. मागची डोंगराची कड विरते आणि तिथे पाणी येतं, चेहरा हलत नाही, आणि केस, पुढचे केस काळ्याचे पांढरे होतात. पंचवीस फ्रेममध्ये. मी तो पन्नास वेळा बघितला असेल. भाच्याला दाखवला, तो म्हणाला आत्या एकदम प्रो.

फिल्म सरप्राइज ठेवायची होती पण मला राहवेना, एका दुपारी आईला झोपाळ्यावर बसवलं आणि लॅपटॉप समोर ठेवला. मुंज बघताना ती बोलत होती, ही कोण, ती कोण, हिचं पुढे काय झालं. पावागड आला, गप्प झाली, हसली. मग तो डिझॉल्व्ह गेला. आई म्हणाली, थांबव जरा. मी थांबवलं.

"एवढ्यात आलो का गं आपण खाली?"

मला आधी कळलंच नाही. म्हणलं आई ते पावागड आहे, १९९५, हे सूरसागर, १९९८, मध्ये काही शूटिंग नाहीये म्हणून जोडलंय. ती म्हणाली, ते कळलं मला. केस बघ माझे.

पावागडहून आलो त्यानंतर चारच महिन्यांनी आजी मोरीत पडली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, पण ती काही पुन्हा उठली नाही. जून १९९५ ते डिसेंबर १९९७, अडीच वर्षं. मी अठराची होते, कॉलेजात, मला आठवतं ते सगळं तुकड्या-तुकड्यांनी आठवतं. बाहेरच्या खोलीतला झोपाळा उतरवला होता कारण तिथे आजीची कॉट लावली, वर छताला नुसत्या कड्या. डेटॉलचा आणि टाल्कम पावडरचा मिसळलेला वास. दर दोन तासांनी कूस बदलायची नाहीतर पाठीला जखमा होतात, रात्रीसुद्धा, आणि रात्रीची पाळी कायम आईची, बाबांना सकाळी कामावर जायचं असायचं. आजी शेवटी शेवटी आईला ओळखायची नाही, तिच्या माहेरच्या कुणाच्यातरी नावाने हाक मारायची, आणि आई त्या नावाला ओ द्यायची. मला त्या वेळी हे काहीतरी फार मोठं चाललंय असं वाटलं नव्हतं. घरात आजारी माणूस आहे, एवढंच.

आणि या अडीच वर्षांची एक फ्रेम नाही. बरोबरच आहे, आजारी माणसाच्या घरात कॅमेरा कोण काढतो. पण मी काय केलं होतं, त्या अडीच वर्षांच्या एका बाजूला पंचवीसातल्या बारा फ्रेम आणि दुसऱ्या बाजूला तेरा, आणि मधला सांधा असा गुळगुळीत घोटला होता की केस पांढरे होणं हे दिसायला गोड वाटावं. आईच्या आयुष्यात तिने एकटीने उचललेलं सगळ्यात जड ओझं तेच, आणि पंच्याहत्तरीच्या फिल्ममध्ये नेमकं तेच मी विरघळवून टाकलं होतं. सॉफ्टवेअरचा यात काय दोष, त्याने तर हँडल आहेत का एवढंच बघायचं असतं. मध्ये काय घडलं ते माहीत असलेली माणसं मी आणि आई.

मी तो डिझॉल्व्ह काढला. त्याच्या जागी साधा कट ठेवून बघितला, तर ते फाळक्यांच्या रोपासारखं झालं, हिसका बसला, पण नुसताच हिसका, केस अचानक पांढरे, बघणाऱ्याला वाटेल क्लिप मागेपुढे झाल्या. मग डिप टू कलर, म्हणजे पहिलं चित्र काळ्यात उतरतं आणि काळ्यातून दुसरं वर येतं. एक सेकंदाचा ठेवला तर पापणी लवल्यासारखा, दोन सेकंदाचा ठेवला तर जाहिरातीसारखा. आजीचा कॉटवरचा एक फोटो होता, मामाच्या मुलाने काढलेला, तो मध्ये टाकू का विचारलं. आई म्हणाली नको, त्यांना नसतं आवडलं तसं दिसायला. मग काळ्यावर अक्षरं, नुसती वर्षं लिहू का? "लिहू नको काही. लोकांना वाचायला कशाला देतेस." मग काय करू? तर म्हणाली, नाटकात करतात तसं कर.

बाबा आणि ती गांधी नगर गृहात, म्हणजे इथल्या नाट्यगृहात, मुंबई-पुण्याकडून आलेलं एकही मराठी नाटक सोडायची नाहीत. आणि खरंच, आपल्या नाटकात ते असतं ना, प्रवेश संपतो, अंधार होतो, सगळे तसेच बसून राहतात, अंधारात सामान हलवल्याचे आवाज येतात, कुणीतरी खोकतं, आणि कुणी म्हणत नाही की काय झालं, कारण सगळ्यांना माहीत असतं की मध्ये काळ जातोय. पुस्तकातसुद्धा कंसात एकच शब्द लिहिलेला असतो, अंधार.

म्हणून ट्रान्झिशन नावाची गोष्टच काढून टाकली. पावागडच्या शॉटला शेवटी दीड सेकंदाचा फेड आऊट, त्यानंतर काळी क्लिप, नुसती काळी, तिला आवाज नाही. पलीकडे सूरसागरच्या ऐवजी १९९८ च्या कॅसेटमधला आधीचा एक शॉट घेतला, बाहेरच्या खोलीत गणपती बसलाय आणि बाजूला झोपाळा, पुन्हा टांगलेला, त्यावर भाऊ बसून पाय मारतोय. त्या झोपाळ्याच्या कड्यांचा कुरकुर आवाज मी काळ्यातच सुरू केला, चित्राच्या एक सेकंद आधी, हळू.

आता काळं किती ठेवायचं? मी तीन सेकंद ठेवलं होतं, ते मला खूप वाटत होतं. रात्रीचे साडेदहा झाले होते, आई खुर्ची ओढून माझ्या शेजारी येऊन बसली, चष्मा लावला. प्ले केलं. ती म्हणाली, अजून. चार केले. अजून. पाच केले, आणि म्हणलं आई लोक मोबाइल काढतील, आता कुणाला एवढा धीर नसतो. ती म्हणाली, "शांतीने जाऊ दे ना, घाई काय आहे." शांतीने हे इकडच्या आमच्या बोलण्यातलं, गुजरातीतून आलेलं. मी काळ्या क्लिपचं टोक धरून ओढत गेले, ती स्क्रीनकडे बघत होती, स्क्रीनवर काहीच नव्हतं, आमच्या दोघींची तोंडं तेवढी काचेत दिसत होती. सहा. सात. आठला तिने मान हलवली नाही. नऊला म्हणाली, हं.

नऊ सेकंद, म्हणजे २२५ फ्रेम.

जानेवारीत वाडीत कार्यक्रम झाला, इकडे हॉलला वाडी म्हणतात. दीडशे-पावणेदोनशे माणसं, जेवणं व्हायची होती, पोरं खुर्च्यांमधून पळत होती. फिल्म लागली. मुंजीला लोक ओरडले, आपापली तोंडं ओळखून, पावागडला पण. मग काळं झालं. मी मागे लॅपटॉपपाशी होते, मनात फ्रेम मोजत होते. दोन, तीन. कुजबुज सुरू झाली. चौथ्या सेकंदाला कुणीतरी लाइट गेले का विचारलं, लाइट तर सगळे चालू होते. पाचव्याला मामा उठला, प्रोजेक्टरची वायर बघायला निघालाच तो, आणि पहिल्या रांगेतून आईचा आवाज आला, माइक नव्हता तरी सगळ्या वाडीत ऐकू गेला,

"बस रे खाली. चालू आहे ते."

मामा होता तिथेच, दोन खुर्च्यांच्या मध्ये, उभा राहिला. मग सगळे गप्प झाले, आणि कड्या कुरकुरायला लागल्या.